गायरानातला रेडिओ

पुण्यात तापकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानापाशी संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "दादा, हे कनेक्टच होत नाहीये." काउंटरवर ईअरबड्सची डबी किंवा गळ्यात घालायचा नेकबँड ठेवला जातो. दुकानदाराचा उलट प्रश्न ठरलेला असतो : "दिसतच नाहीये, का दिसतंय पण जुळत नाहीये, का जुळलंय आणि आवाज येत नाहीये?" गिऱ्हाईक गोंधळतं. त्याच्या लेखी हे सगळं एकच. मग दुकानदार गिऱ्हाईकाचाच फोन हातात घेतो, जुन्या नावावर बोट दाबून 'फर्गेट' करतो, डबीचं बटण तांबडा-पांढरा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरतो, यादीत परत उगवलेल्या नावावर टिचकी मारतो. गाणं सुरू. "किती झाले?" "काही नाही हो, एखादं कव्हर घेऊन जा."

त्याच्या त्या तीन प्रश्नांत अख्खं ब्लूटूथ आलं. दिसणं, जुळणं आणि जुळल्यावर काम करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिघींची नाराज व्हायची कारणंही वेगळी. माझं मत असं झालंय, की ब्लूटूथच्या नावाने आपण जी बोटं मोडतो त्यांतली बरीचशी बिघाडासाठी नसतातच. स्वस्त असावं, वीज जवळजवळ खाऊ नये आणि कुणाची परवानगी न घेता जगात कुठेही चालावं, असं यंत्र करायचं ठरलं तेव्हा काही तडजोडी स्वीकारल्या गेल्या. आपण भोगतो त्या त्या तडजोडी.

ते ठरलं स्वीडनच्या दक्षिण टोकाला, लुंड या विद्यापीठाच्या गावी. एरिक्सन कंपनीच्या तिथल्या कचेरीत १९९४मध्ये याप हार्टसेन हा डच अभियंता या कामाला लागला आणि पुढे स्वेन मॅटिसन त्याला येऊन मिळाला. उद्देश माफक होता. फोन, त्याचा हेडसेट आणि संगणक यांच्यामधल्या वायरी काढून टाकायच्या. घरभर इंटरनेट पसरवणं वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतं. तो वायफायचा धंदा. एकट्या एरिक्सनने हे केलं असतं तर ते एरिक्सनच्याच फोनांत पडून राहिलं असतं. म्हणून मे १९९८मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून एक गट स्थापन केला आणि नियमावली सगळ्यांना खुली केली. दहाव्या शतकातल्या डॅनिश राजावरून पडलेल्या नावाची गोष्ट आता सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. इंटेलच्या जिम कार्डाकने ते नाव तात्पुरतं म्हणून सुचवलं होतं आणि बाकीची नावं वेळेत पक्की होईनात म्हणून तेच चिकटलं, एवढंच पुरे.

खरी गंमत जागेची आहे. रेडिओलहरींचा प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी नावावर असतो. आकाशवाणी, पोलीस, विमानं, मोबाइल कंपन्या अशी सगळ्यांची सातबाऱ्यावर नोंद असते आणि मोबाइल कंपन्या तर त्यासाठी लिलावात हजारो कोटी मोजतात. पण २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा तुकडा म्हणजे गावचं गायरान. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या भागातला पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी सोडला गेला. ही यंत्रं बोलत नाहीत, नुसती लहरी सांडतात. मायक्रोवेव्ह भट्टी त्यांच्यातलीच, ती २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. ही वारंवारता पाण्याला विशेष मानवते म्हणून निवडली असं शाळेच्या मास्तरांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळे सांगतात, ते खरं नाही. पाणी याहून कितीतरी मोठ्या पट्ट्यात लहरी शोषून घेतं. १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं, की या गायरानात कमी ताकदीचे रेडिओही विनापरवाना चरू द्यावेत, अट एवढीच की त्यांनी एका जागी ठाण मांडायचं नाही, आपली ऊर्जा पसरून वापरायची. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही याच निर्णयाची अपत्यं. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५च्या अधिसूचनेने. 

गायरानात भाडं नसतं, पण तक्रारही करता येत नाही. शेजाऱ्याची भट्टी तुमच्या गाण्यात घुसली तर दाद कुठे मागणार? तेव्हा अंग चोरून राहायचं. ब्लूटूथने त्यासाठी जी युक्ती वापरली तिला 'फ्रिक्वेन्सी हॉपिंग' म्हणतात, उड्या मारणं. पट्ट्याच्या एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्या केल्या आणि ठरवलं, की कुठल्याही वाहिनीवर ६२५ मायक्रोसेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही. म्हणजे सेकंदाला १६०० उड्या. लांबलचक पाकीट पाठवायचं असेल तर तीन किंवा पाच पाळ्या एका जागी थांबायची मुभा आहे, पण मूळ ताल हाच. एका वाहिनीवर दंगा असेल तर एवढुसा तुकडा वाया जातो, तो दुसऱ्या उडीत परत पाठवायचा.

पण दोन यंत्रांनी एकाच क्षणी एकाच वाहिनीवर उडी मारायची, तर ते ठरवणार कोण? त्यांच्यातलं एक. त्याला 'मास्टर' म्हणत, बाकीच्यांना 'स्लेव्ह'. आता नियमावलीत हे शब्द जाऊन 'सेंट्रल' आणि 'पेरिफेरल' आले आहेत. मुख्य यंत्राचा ४८ बिटांचा पत्ता आणि त्याच्या घड्याळाचा आकडा यांच्यावरून उड्यांचा क्रम निघतो. ते घड्याळ ३१२.५ मायक्रोसेकंदांना एक टिकटिक करतं आणि सुमारे २३ तासांनी शून्यावर येतं. जुळणी होताना बाकीची यंत्रं हा पत्ता आणि घड्याळ उतरवून घेतात आणि मग सगळी एका सुरात उड्या मारतात. या टोळक्याला 'पिकोनेट' म्हणतात. त्यात मुख्य यंत्राखेरीज एका वेळी सातच यंत्रं काम करू शकतात, कारण त्यांना द्यायच्या क्रमांकाला तीनच बिट ठेवले होते. तीन बिटांत आठ आकडे बसतात, त्यांतला शून्य सगळ्यांना मिळून सांगायच्या निरोपासाठी. साताचं हे बंधन १९९०च्या दशकात काटकसर म्हणून आलं. तेव्हा एका माणसाजवळ सातांहून जास्त बिनतारी वस्तू असतील असं कुणाला वाटलं असणार?

इथे हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीचं नाव निघतंच. ११ ऑगस्ट १९४२ रोजी तिला आणि जॉर्ज अँथील या संगीतकाराला पाणतीर नियंत्रित करणाऱ्या उड्या मारणाऱ्या रेडिओचं पेटंट मिळालं. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून उड्यांचा क्रम ठरणार होता आणि वाहिन्या होत्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. कल्पना देखणी, बाई हुशार. पण 'ब्लूटूथची जननी' हे बिरुद जरा जास्तच होतं. उड्यांची कल्पना त्याआधीही निरनिराळ्या देशांत सुचलेली होती, आणि लुंडमधल्या अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न शत्रूपासून लपण्याचा नव्हता, गर्दीत तगण्याचा होता.

गर्दी लवकरच आली. वायफायची एक वाहिनी सुमारे २२ मेगाहर्ट्झ जागा अडवते आणि तिथेच ठिय्या देऊन बसते. म्हणजे आंधळेपणाने मारलेल्या दर चार उड्यांतली एक तरी वायफायच्या अंगावर. २००३च्या १.२ या आवृत्तीत त्यावर तोड निघाली. जिथे सारखी टक्कर होते त्या वाहिन्या टिपून ठेवायच्या आणि क्रमातून गाळायच्या, फक्त किमान २० वाहिन्या तरी वापरात राहिल्या पाहिजेत. आज तुमच्या कानातले बड शेजारच्या सहा फ्लॅटांच्या वायफायमधून वाट काढत गाणं ऐकवतात ते या नकाशाच्या जोरावर. मायक्रोवेव्ह लावून त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर गाणं तुटतं, कारण भट्टीच्या पोलादी पेटीतून किंचित सांडणारी लहरही ब्लूटूथच्या मानाने दांडगी असते. फोन आणि हेडफोन साधारणपणे ज्या वर्गात मोडतात त्याची कमाल ताकद २.५ मिलिवॅट. जुना जीएसएम फोन टॉवरशी बोलताना दोन वॅटपर्यंत जायचा, म्हणजे याच्या ८०० पट. एवढ्याशा ताकदीवर दहा मीटर मिळतात हेच पुष्कळ.

आणि ते दहा मीटर मोकळ्या हवेतले. मध्ये माणूस आला की हिशेब बदलतो, कारण माणूस म्हणजे मुख्यतः पाणी. फोन पँटच्या डाव्या मागच्या खिशात आणि मुख्य बड उजव्या कानात असेल तर मध्ये तुम्ही स्वतःच आडवे. घरात गाणं नीट चालतं, कारण लहर भिंतींवरून उलटून कानापर्यंत येते. मोकळ्या मैदानात, सकाळी टेकडीवर फिरताना नेमकं तुटतं, कारण उलटायला भिंतच नाही. फोन खिसा बदलून पाहा. नवे बड घेण्याआधी हा बिनपैशाचा उपाय करावा.

आता दिसण्या-जुळण्याकडे येऊ. नोकियाचे फोन जोरात होते त्या काळात कॉलेजच्या कट्ट्यावर गाणी आणि रिंगटोन ब्लूटूथवरूनच हिंडत. "चालू कर, पाठवतो." चार एमबींचं गाणं जायला कागदावर पाऊण मिनिट लागायला हवं, प्रत्यक्षात दीड-दोन मिनिटं दोघं फोन एकमेकांना टेकवून उभे. फोन 'सगळ्यांना दिसेल' अशा अवस्थेत कायम ठेवलेला असे आणि फोनला दिलेलं नाव हे मिरवायचं ठिकाण असे. २००४ साली निघालेला कॅबीर हा फोनचा पहिला फिरता व्हायरस याच सवयीवर जगला. तो आसपासचे दिसणारे फोन शोधायचा आणि स्वतःला पाठवत सुटायचा. स्वीकारायचं का, असं फोन विचारायचा, आणि मालक 'हो' दाबायचे.

तेव्हाची 'पेअरिंग'ही नावापुरती. दोन्हीकडे सारखाच आकडा टाकायचा, आणि ज्या हेडसेटला बटणंच नाहीत त्याचा आकडा कारखान्यातूनच ०००० किंवा १२३४. हे कुलूप नव्हे, हे माहीत असूनही काही वर्षं चाललं. २००७च्या २.१ आवृत्तीपासून पद्धत बदलली. दोन यंत्रं आपापसात गणिताने गुप्त किल्ली तयार करतात, आणि मध्ये तिसरा कुणी बसलेला नाही ना याची खात्री माणसाकडून करून घेतात. फोन आणि गाडी जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात ते यासाठी. आपण ते न वाचताच 'पेअर' दाबतो. बडना पडदाच नसल्याने तिथे हा पडताळा नसतो. नियमावलीत त्या प्रकाराचं नावच 'जस्ट वर्क्स' असं आहे.

ती किल्ली दोन्हीकडे जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी डबी उघडताच आपोआप जुळतं ते त्या जपलेल्या किल्लीमुळे. एका बाजूने किल्ली पुसली आणि दुसरीकडे राहिली, की यादीत नाव दिसत राहतं पण जुळणी काही होत नाही. तापकीर गल्लीतला 'फर्गेट' तिथेच लागू पडतो. दोन्हीकडची किल्ली पुसून पहिल्यापासून ओळख करून द्यायची. याची दुसरी बाजू गाडीवाल्यांनी ध्यानात घ्यावी. फोन गाडीला जोडताना 'कॉन्टॅक्ट्स घेऊ का' याला हो म्हटलं, की फोनबुक आणि झालेल्या कॉलची यादी गाडीत उतरते. जुनी गाडी विकताना लोक आरसी बुक, विमा, डिकीतलं स्टेपनी-जॅक सगळं तपासतात. डॅशबोर्डमधलं फोनबुक बऱ्याचदा नव्या मालकाकडे जातं.

जुळलं, पण आवाज नाही, या तिसऱ्या तक्रारीचं मूळ 'प्रोफाइल'मध्ये असतं. जोडणी म्हणजे फक्त रस्ता. त्यावरून काय न्यायचं याचे करार वेगवेगळे. गाण्यासाठी एक प्रोफाइल, फोनवर बोलण्यासाठी दुसरं, कीबोर्ड-माउससाठी तिसरं, फोनबुकासाठी चौथं. काही संगणकांच्या सेटिंगमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, ती हीच. ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक चालू करताच मागचं गाणं डब्यातून आल्यासारखं होतं आणि माणूस हेडफोनला शिव्या घालतो. झालेलं असतं असं, की माइकसाठी यंत्र गाण्याच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर गेलं. गाण्याला सेकंदाला ४४,१०० नमुने मिळत होते, फोनच्या जुन्या पद्धतीत ८,००० आणि सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. स्टिरिओ जाऊन एकेरी आवाज होतो. दोन्ही दिशांचा आवाज त्याच चिंचोळ्या जागेत बसवायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

प्रोफाइलच्या पोटात 'कोडेक' असतो, आवाज दाबून लहान करायची रीत. प्रत्येक यंत्राला आलीच पाहिजे अशी जुनी रीत म्हणजे एसबीसी. खोक्यावर बाकीच्या कोडेकांची नावं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. फोन आणि हेडफोन दोघांनाही तीच रीत येत असेल तरच तिचा उपयोग, नाहीतर गुपचूप एसबीसीवर येतात. माझ्या कानांना रिक्षात बसून यातला फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो असं ते सांगतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वेळेचा फरक मात्र कुणालाही कळतो. आवाज दाबणं, पाठवणं, थोडा साठवून ठेवणं आणि उलगडणं यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा पाहताना फोन चित्र तेवढंच मागे रेटून ओठ आणि शब्द जुळवून घेतो. वाजवणाऱ्यासाठी ही सोय नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोनशे मिलिसेकंद उशीर म्हणजे तबल्यावर पडलेली आपलीच थाप सत्तर मीटर लांबून ऐकू येणं. इलेक्ट्रॉनिक तबला-तानपुरा नुसता ऐकत बसायला ब्लूटूथ स्पीकर ठीक. की-बोर्ड वाजवून त्याचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकायला गेलात तर लय पाचव्या मिनिटाला हातातून जाते. तिथे वायरच लावावी.

२०१०मध्ये ४.० आवृत्तीबरोबर या घरात एक सावत्र भाऊ आला. मूळ नोकियाचा, वायब्री नावाने वाढलेला. पुढे त्याला 'ब्लूटूथ लो एनर्जी' म्हणू लागले. नाव तेच, पट्टा तोच, पण रीत एवढी निराळी की जुना रेडिओ आणि नवा रेडिओ आपापसात बोलू शकत नाहीत. आपल्या फोनांत दोन्ही असतात म्हणून कळत नाही. याच्या वाहिन्या ४०, त्यांतल्या तीन 'अॅडव्हर्टायझिंग'साठी राखीव. वायफायच्या नेहमीच्या वाहिन्या चुकवून या तिघींची जागा निवडली आहे. ज्याला काही सांगायचंय त्याने या तीन ठिकाणी चिमूटभर माहिती फेकायची आणि झोपी जायचं. नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन् महिने चालणारे सेन्सर, हरवलेल्या किल्ल्या शोधायचे टॅग, मनगटावरचे पट्टे सगळे यावर जगतात.

हे बघायचं असेल तर अभियंते वापरतात तसलं फुकटचं स्कॅनर अॅप फोनवर घ्यावं आणि संध्याकाळी दादरहून कल्याण लोकल पकडावी. दारातल्या गर्दीत चेंगरून उभं असताना पडदा भरभरून वाहू लागतो. नावाचा रकाना बहुतेकांचा कोरा. पत्त्याच्या रकान्यात बारा आकडे-अक्षरं, पण टिपून ठेवण्यात अर्थ नाही : माग काढता येऊ नये म्हणून नवे फोन साधारण पंधरा मिनिटांनी पत्ता बदलतात, म्हणजे ठाणं यायच्या आत डब्यातली निम्मी यंत्रं नवा मुखवटा चढवतात. पाकिटाच्या आत कंपनीचा क्रमांक मात्र असतो. ७६ म्हणजे अॅपल, ११७ म्हणजे सॅमसंग. हे क्रमांक ज्या क्रमाने वाटले त्यात इतिहास गोठलाय. ० एरिक्सन, १ नोकिया, २ इंटेल, ३ आयबीएम, ४ तोशिबा. ज्यांनी गट स्थापन केला ते पाचही जण मुळाशी बसलेत, आणि लोकलच्या गर्दीत त्यांच्यातल्या एकाचाही क्रमांक सहसा सापडत नाही.

शेवटच्या रकान्यात ऋण आकडे असतात. −५२, −७८, −९१. ही आपल्या फोनपर्यंत पोचलेली ताकद, आरएसएसआय. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी लहर जोरकस, आणि तीनने घसरला की ताकद निम्मी. कोविडमध्ये याच रकान्यावर देशोदेशीच्या सरकारांनी भरवसा ठेवला. सिंगापूरचं ट्रेसटुगेदर मार्च २०२०मध्ये आलं, आपलं आरोग्य सेतू २ एप्रिलला, अॅपल आणि गूगल यांनी मिळून योजना जाहीर केली ती १० एप्रिलला. सगळ्यांचा गाभा सारखा : दोन फोन किती जवळ होते हे लहरीच्या ताकदीवरून ठरवायचं. हाच गाभा कच्चा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी ट्राममध्ये फोन घेऊन माणसं बसवली आणि मोजलं. धातूच्या डब्यात लहरी भिंतींवरून उलटतात, अंगांनी अडतात, त्यामुळे लांबचा जवळचा दिसतो आणि जवळचा लांबचा. सूचना कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं तरी फारसं वेगळं घडलं नसतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आरोग्य सेतूवर झालेला वाद मुख्यतः खासगीपणाचा होता आणि तो योग्यच होता. पण मुंबईच्या लोकलमध्ये दोन मीटर आणि पाच मीटर यांतला फरक ब्लूटूथला कळतो का, हा त्याआधीचा प्रश्न होता, आणि तो आपल्याकडे कुणी फारसा विचारला नाही.

वर्तमानपत्रं तर जे बिनतारी ते ब्लूटूथ समजतात. २०२१मध्ये राजस्थानच्या शिक्षक पात्रता परीक्षेत चपलांत यंत्र लपवलेले उमेदवार पकडले गेले, तेव्हा 'ब्लूटूथ चप्पल' देशभर गाजली. परीक्षा केंद्राबाहेरून उत्तरं आणायची ताकद ब्लूटूथमध्ये नाही; तिथे मोबाइलचं सिमच लागतं, ब्लूटूथचं काम चपलेपासून कानापर्यंत. टोलनाक्यावरच्या फास्टॅगमध्ये ब्लूटूथ तर नाहीच, बॅटरीही नसते. नाक्यावरचा वाचक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लहर सोडतो, तिच्याच ऊर्जेवर तो उत्तर देतो. मेट्रोचं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर, चार बोटांच्या अंतरात. भाजीवाल्याच्या गाडीवर 'पचास रुपये प्राप्त हुए' म्हणणाऱ्या डबीत आपल्या फोनसारखंच सिम असतं.

ब्लूटूथमध्ये सध्या जे नवं घडतंय ते आवाजाचंच आहे. जानेवारी २०२०मध्ये जाहीर झालेल्या 'एलई ऑडिओ'ने गाणं जुन्या रेडिओवरून काढून लो एनर्जीवर आणलं, आणि एसबीसीऐवजी एलसी३ हा काटकसरी कोडेक दिला. त्यातलाच 'ऑराकास्ट' हा प्रकार २०२२पासून ऐकू येतो. यात पेअरिंगच नाही. एक यंत्र आवाज प्रसारित करतं आणि आवाक्यातलं कुणीही, कितीही जण तो पकडतात. साताची मर्यादाही गेली. विमानतळावरची घोषणा किंवा व्यायामशाळेतला मुका टीव्ही अशी उदाहरणं कंपन्या देतात. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते श्रवणयंत्राचं. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना पात्रांच्या माइकमधला आवाज थेट कानातल्या यंत्रात मिळू शकतो. प्रेक्षागृहातला खोकला आणि पंख्यांची घरघर त्यात येत नाही. काही देशांतल्या सभागृहांत यासाठी जमिनीखालून तारेचं वेटोळं फिरवण्याची सोय पूर्वीपासून आहे, आपल्याकडे ती सहसा आढळत नाही. ऑराकास्टला जमीन उकरावी लागत नाही. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरला एक छोटं प्रसारक यंत्र जोडलं की काम होतं. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. श्रवणयंत्र त्या पिढीचं हवं, आणि आजोबांच्या कानातलं यंत्र सहसा त्याच्या आधीचं असतं. ते बदलायचं तर सभागृहाच्या नव्हे, घरच्यांच्या खिशातून हजारो रुपये जातात.